मुंबईची वीज फार चांगली निघाली

माझ्या हाताखालच्या मुलांनी आजवर जेवढी कुलुपं उघडली, तेवढी एखाद्या सराईत चोरानेही उघडली नसतील. आणि दर वेळी मी त्यांची पाठ थोपटली, चहा पाजला, वर मार्कही दिले. शहापूर आणि आसनगावच्या मधल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवून मी आता निवृत्त झाले आहे, त्यामुळे हे सगळं उघडपणे सांगायला हरकत नाही.

लोक विचारतात, तुम्ही नक्की काय शिकवत होता? "हार्डवेअर सिक्युरिटी" म्हटलं की समोरचा आदराने मान डोलावतो आणि मग घरातला बंद पडलेला लॅपटॉप घेऊन येतो. एक बाई तर मिक्सर घेऊन आल्या होत्या. मिक्सर मी दुरुस्त करून दिला, पण माझा विषय तो नाही. एटीएम कार्ड, गाडीची चावी, बोटाचा ठसा घेणारं हजेरीचं यंत्र, या सगळ्यांच्या पोटात एक चिप असते आणि त्या चिपच्या पोटात एक गुपित असतं. ते गुपित प्रोग्रॅमच्या वाटेने काढता येत नसेल तर चिपच्या अंगावरून ओळखता येतं का, हे आम्ही पाहतो. लबाड मूल तोंडाने खोटं बोलतं, पण त्याचे कान लाल होतात. चिपचंही तसंच असतं. काम करताना ती किती वीज ओढते, किती वेळ घेते, वीज कमी पडली की कशी गोंधळते, यातून ती बोलून जाते. आम्ही ते ऐकतो आणि मग चिप बनवणाऱ्याला सांगतो की बाबा रे, इथे गळतंय. म्हणजे आधी फोडायचं आणि मग फुटू नये म्हणून काय करावं ते सांगायचं. दुसरा भाग केला नाही तर आमच्यात आणि चोरात काही फरक राहत नाही, हे मी पहिल्या तासाला सांगायचे. मुलांना मात्र पहिला भागच लक्षात राहायचा.

पदवीच्या मुलांकडून संशोधन करून घेणं म्हणजे काय, ते केल्याशिवाय कळत नाही. आमची मुलं हुशार, कष्टाळू. पण बारा-पंधरा वर्षं त्यांनी एकच गोष्ट केलेली असते: मागच्या वर्षीच्या मुलांची जर्नलं उतरवून काढणं. प्रयोगाचं उत्तर प्रयोगाच्या आधी ठाऊक असतं. रीडिंग त्या उत्तराकडून उलटं चालत येतं. त्यामुळे माझ्याकडे आल्यावर प्रत्येक मुलगा पहिला प्रश्न एकच विचारायचा.

"मॅडम, उत्तर काय यायला पाहिजे?"

"मला माहीत नाही."

हे ऐकून मुलांचे चेहरे पडायचे. एका वर्षी एका मुलाने प्राचार्यांकडे जाऊन तक्रार केली की मॅडमना विषय येत नाही, त्या स्वतःच कबूल करतात. प्राचार्यांनी मला बोलावून विचारलं. मी म्हटलं, उत्तर माहीत असतं तर संशोधन कशाला केलं असतं? प्राचार्यांनी विचार केला आणि म्हणाले, ते ठीक आहे, पण मुलांसमोर असं म्हणू नका. मी म्हणत राहिले.

आता त्या बिस्किटांची गोष्ट सांगते.

माझ्या लॅबमध्ये एक कपाट होतं. त्याला आकडे दाबून उघडायचं इलेक्ट्रॉनिक कुलूप बसवलं होतं, कल्याणच्या एका दुकानातून आणलेलं, भिंतीतल्या प्लगवर चालणारं. कपाटात महागाची उपकरणं असायची आणि त्यांच्या मागे माझी बिस्किटं. ती बिस्किटं कमी व्हायला लागली. कुलपाचा नंबर फक्त मला माहीत. त्या वर्षी माझ्याकडे दोन मुलं होती. खर्डीचा प्रथमेश, सदा भुकेला आणि सदा हसरा, आणि मुरबाडच्या पुढे टोकावड्याकडची अश्विनी, जी हसायची कमी आणि भांडायची जास्त. मी दोघांनाही समोर उभं केलं.

प्रथमेश लगेच कबूल झाला. "खाल्ली मॅडम. पण कपाट उघडंच होतं."

"कुलूप लावलेलं कपाट उघडं कसं असेल?"

"ते मला काय माहीत? मी आलो तर उघडं. मग बिस्किटं दिसली. मग..." पुढचं सांगायची गरज नव्हती.

अश्विनीला मात्र राग आला. तिने बिस्किटाला हात लावला नव्हता आणि संशयितांच्या रांगेत तिला उभं केलं होतं. तिने खुर्ची ओढली आणि कपाटासमोर बसली. लेक्चर बुडवून बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्टाफरूमच्या दारात आली आणि तिथूनच ओरडली, "मॅडम, कपाट मोटर उघडते!"

कॉलेजच्या कुंपणापलीकडे एका शेतकऱ्याची विहीर होती. त्याने विहिरीवरची मोटर सुरू केली की आमच्या लॅबमधले दिवे क्षणभर डीम व्हायचे. हे आम्ही वर्षानुवर्षं पाहत आलो होतो. आमच्या भागात मोटर लागली की दिवा डीम होणारच, त्यात पाहण्यासारखं काय? पण त्याच क्षणी कुलूप एकदा 'पीं' करायचं आणि कधीकधी कपाटाचं दार सुटं व्हायचं. व्होल्टेज पडलं की आतली चिप पेंगलेल्या वॉचमनसारखी व्हायची. नंबर बरोबर आहे की नाही हे न तपासताच मान हलवून मोकळी.

जगात मोठमोठ्या प्रयोगशाळा नेमका हाच हल्ला करायला खास यंत्रं विकत घेतात. आम्हाला तो शेजारच्या वांग्याच्या शेतातून मिळत होता.

पुढचे काही महिने त्या दोघांनी झपाटल्यासारखं काम केलं. विहिरीवरच्या काकांनी सुरुवातीला मोटर चालू-बंद करून दिली, मग "माझी मोटर जाळताव का?" म्हणून हाकलून लावलं. मग अश्विनीने कुलूप घरी नेऊन घरच्या अर्ध्या हॉर्सपॉवरच्या मोटरीवर करून पाहिलं आणि शेवटी ती मोटरच लॅबमध्ये आणली. कुलूप केव्हा उघडतं, केव्हा नाही, हे त्यांनी नीट शोधून काढलं. उपायही शोधला. त्या चिपमध्ये एक सोय मुळातच होती: व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं तर काहीही निर्णय घ्यायचा नाही, दार बंद ठेवून गप्प बसायचं. बनवणाऱ्याने ती सोय बंदच ठेवली होती. ती सुरू केली की काम झालं.

नियमाप्रमाणे आम्ही आधी दुकानदाराला कळवायला गेलो. अश्विनीने त्याला सगळं समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, आत गेला आणि एक नवं कोरं कुलूप आणून तिच्या हातात ठेवलं. "पीस खराब असेल ताई. बदलून घ्या." आमच्या संशोधनाला उद्योगजगताने दिलेला हा पहिला प्रतिसाद. त्या कुलपातली चिप काढून मुलांनी तशीच दुसरी, पण स्वतःचा प्रोग्रॅम लिहिलेली चिप बसवली आणि ती सोय सुरू केली. म्हणजे आता एक फुटणारं कुलूप होतं आणि एक न फुटणारं.

मुंबईतल्या एका मोठ्या संस्थेत विद्यार्थ्यांसाठी दर वर्षी या विषयाचा मेळावा असायचा. आपलं काम तज्ज्ञांसमोर करून दाखवायचं. आवडलं तर उन्हाळ्यात दोन महिने तिथे राहून काम करायला बोलवायचे. प्रथमेशला कॅम्पसमधून नोकरी लागलेली होती, तो निवांत होता. अश्विनीला मात्र ते दोन महिने हवे होते. इतकी हवीशी गोष्ट तिने कधी मागितली नव्हती. आमची निवड झाली आणि त्याच आठवड्यात तिचे वडील लॅबमध्ये आले.

बाळारामभाऊ शेतात भात आणि भेंडी करायचे. स्वतःचा पिकअप टेम्पो होता, त्यातून भेंडी कल्याणला न्यायचे. दारात चपला काढून आत आले, मी खुर्ची दिली तरी उभेच राहिले.

"म्याडम, आमची पोर तुमच्याकडं काय शिकतं?"

मी सांगायला सुरुवात केली. त्यांनी हात वर करून थांबवलं.

"तसं नाय. एका वाक्यात सांगा. पाव्हणे इचारतात. मी तिला इचारलं तर बोलली, कुलपं फोडाया शिकतो. आता हे मी पाव्हण्यांना सांगू? मुलगी इंजिनेर हाय आनि कुलपं फोडतं?"

"फोडते आणि मग दुरुस्त करते."

"फोडलीच नसती तर दुरुस्त करायचं काम राह्यलं असतं का?"

अश्विनी मागे उभी होती. बाळारामभाऊ रागावलेले नव्हते, हेच कठीण होतं. रागावलेल्या बापाला समजावता येतं. हे खरोखर काळजीत होते.

शेवटी त्यांनीच तोड काढली. "मी येतो मुंबईला. तिथली मोठी माणसं काय बोलतात ते बघतो. त्यांना चांगलं वाटलं तर दोन महिन्यांचं बघू. नायतर मुरबाडला एमआयडीसीत कंपनीत बोलून ठेवलंय, तिथं जाईल. चालंल?"

अश्विनी म्हणाली, "चालंल." तिला बिचारीला वाटत होतं, कुलूप तर उघडणारच.

एक अडचण मात्र होती. मेळाव्याचा नियम असा की वस्तू दुकानातून आली तशी, खऱ्या वापरात दाखवायची. कुलूप टेबलावर ठेवून चालणार नाही, दाराला हवं. मुलांनी होस्टेलच्या अडगळीतून एका खोलीच्या दाराचा जुना पल्ला मिळवला, त्याला लाकडी चौकट आणि पाय ठोकले आणि वर एक, खाली एक अशी दोन्ही कुलुपं बसवली. सोबत घरची मोटर. एवढं सामान न्यायला टेम्पो एकच होता. अशा रीतीने आम्ही चौघं, एक दार आणि एक पाण्याची मोटर मुंबईला निघालो. मी पुढे बसले, मुलं मागे दार धरून. टेम्पोला भेंडीचा वास होता.

संस्थेच्या फाटकावर वॉचमनने टेम्पो अडवला.

"ये क्या है?"

"दार," बाळारामभाऊ म्हणाले.

"किधर लगाना है?"

"लावायचं नाय. फोडायचंय."

वॉचमनने आत फोन लावला. मी उतरून ओळखपत्र दाखवलं, संस्थेचा ईमेल दाखवला. त्याने पल्ल्याभोवती एक फेरी मारली, मोटरीकडे पाहिलं आणि विचारलं, "और ये?" भाऊ म्हणाले, "हे फोडायची मशीन." आत शिरायला आम्हाला बराच वेळ लागला.

सभागृह कसं होतं काय सांगू. गारेगार, चकचकीत, इतर मुलांच्या टेबलांवर काडेपेटीएवढी यंत्रं. मध्ये आमचं दार. तीन तज्ज्ञ आले. प्रमुख होते ते पांढऱ्या दाढीचे एक प्राध्यापक, चेहऱ्यावर रेषही न हलवणारे. अश्विनीने छान सांगितलं. बोलताना एकदाही अडखळली नाही. बाळारामभाऊंनी मोटरीसाठी पाण्याची बादली मागून घेतली होती. मोटर कोरडी फिरवायची नाही, हा त्यांचा एकमेव आग्रह. मोटर बादलीतलं पाणी उचलून परत बादलीत सोडणार, असा बेत होता. दारामागच्या प्लगला कुलूप आणि मोटर दोन्ही जोडली.

"बाबा, करा चालू."

मोटर घरघरली. पाणी बादलीत गोल फिरलं. डोक्यावरचा दिवा तसाच लख्ख. कुलूप ढिम्म.

"बंद करून परत करा."

परत केली. मग परत. दाढीवाले सर शांतपणे बादलीकडे पाहत होते. प्रथमेशने कुलपाला चापट मारायला हात उचलला, तो मी डोळ्यांनीच थांबवला.

आणि मग जे झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. पोरीचं काम पाव्हण्यांपासून लपवणारे बाळारामभाऊ एक पाऊल पुढे आले आणि तज्ज्ञांना म्हणाले, "सायेब, आमच्या गावात फटकन उघडतं हो! देवाशप्पथ! आमच्या घरात जेवन व्हायच्या आत तीनदा उघडलं!"

काय चुकलं ते मला एव्हाना कळलं होतं. आमच्या दोन्ही मुलांचा सगळा जन्म डीम होणाऱ्या दिव्याखाली गेला. मोटर लावली आणि व्होल्टेज पडलं नाही, अशी जागा जगात असू शकते, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्याही नाही. या संस्थेच्या आवारात स्वतःचा भलामोठा ट्रान्सफॉर्मर होता आणि आमची अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर त्याच्या खिजगणतीतही नव्हती. पण मार्गदर्शकाने तोंड उघडायचं नाही, असा मेळाव्याचा नियम. सर म्हणाले, "जेवणानंतर पुन्हा एकदा दाखवायची संधी देतो." नियम होता म्हणून दिली, आशेने नव्हे.

सगळे जेवायला गेले. अश्विनी दाराला टेकून जमिनीवर बसली. डोळे भरून आले होते, पण रडत नव्हती.

"मॅडम, काय करू?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. नोकरीच्या सगळ्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा खोटं बोलले. आणि फार जड गेलं.

ती वर दिव्याकडे बघत राहिली. मग बापाला विचारलं, "बाबा, आपल्या आळीत जाधवांकडं डीम होतं का ओ?"

आमच्याकडे ट्रान्सफॉर्मरला डीपी म्हणतात. भाऊ म्हणाले, "त्यांच्याकडं कशाला होईल? डीपी त्यांच्या दारात. आपून टोकाला."

अश्विनी ताडकन उभी राहिली. "प्रथमेश, वायर आण. मिळेल तेवढी. बारीक, स्वस्तातली. लाइट लांबून आणायची!"

पुढच्या काही वेळात जो दरोडा पडला, तसा त्या संस्थेने कधी पाहिला नसेल. प्रथमेशने वॉचमनच्या केबिनमधून एक्स्टेन्शन बोर्ड आणला, कँटीनमधून आणला, इतर कॉलेजच्या मुलांकडून मागून आणले. बाहेर जेवणाच्या मांडवाची लायटिंग करणाऱ्या माणसाकडे बारीक वायरीची भेंडोळी होती. तो द्यायला तयार नव्हता. बाळारामभाऊ त्याच्याशी काय बोलले ते मला कळलं नाही, पण भेंडोळं खांद्यावर टाकूनच परत आले. सगळं एकाला एक जोडलं. वायर जेवढी लांब आणि बारीक, तेवढी वीज टोकाला पोचेपर्यंत दमते. मांडवाच्या पलीकडच्या टोकाचा प्लग, तिथून व्हरांडा, जिना, पुन्हा व्हरांडा आणि मग सभागृहातलं आमचं दार. वायर तापत नाही ना, हे पाहायचं काम मी माझ्याकडे घेतलं. तेवढं करायला नियमाची आडकाठी नव्हती.

दाढीवाले सर जेवून आले ते पायात येणाऱ्या वायरी ओलांडतच.

"प्लग तुमच्या मागेच आहे ना?" त्यांनी विचारलं.

"तो लय चांगलाय सर," अश्विनी म्हणाली. "आमच्याकडं असा नसतो. आणि हे कुलूप आमच्याकडं पण विकतात."

सरांच्या चेहऱ्यावरची रेष हलली.

"बाबा, करा."

भाऊंनी बटण दाबलं. मोटर कण्हली, सावकाश उचलली. वरचं कुलूप 'पीं' म्हणालं आणि पुन्हा गप्प. भाऊंनी बंद केली, श्वास घेतला, पुन्हा दाबलं. खट् असा आवाज आला आणि दाराचा पल्ला आपल्या वजनाने हळूच बाहेर झुकला.

"उघडलं!" भाऊ इतक्या जोरात ओरडले की पलीकडच्या टेबलावरची मुलं धावत आली. "बघा सायेब! उघडलं! मी बोललेलो!"

टाळ्या पडल्या. मी टाळ्या वाजवता वाजवता चष्मा पुसत होते. तज्ज्ञांपैकी एक बाई खाली वाकून कुलूप पाहायला लागल्या. दाढीवाले सर मात्र तसेच उभे. "आता दुसरं," ते म्हणाले.

अश्विनीने वरचं कुलूप सोडवलं, खालचं लावलं, पल्ला बंद केला. गर्दी जमली होती. बापाला तिने फक्त मान हलवून खूण केली.

भाऊंनी बटण दाबलं. काही नाही. बंद करून पुन्हा दाबलं. काही नाही. त्यांच्या कपाळावर घाम आला. पुन्हा दाबलं, या वेळी बटणावर अंगठा असा रोवला की जणू जोर लावल्याने व्होल्टेज अजून पडेल. कुलूप जागचं हललं नाही. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं, मग लेकीकडे, आणि रडवेल्या आवाजात म्हणाले, "अगो, उघडंना! काय करू?"

"बाबा, उघडायचं नाय," ती म्हणाली. "हे मी बनवलंय. हे उघडलं नाय म्हंजे झालं."

भाऊंनी बटणावरचा हात काढला नाही. पुन्हा मोटर चालू केली, बंद केली. पुन्हा चालू. दार बंदच. आता त्यांची नजर बटणाकडे नव्हती, कुलपाकडे होती, आणि चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी पसरत चाललं होतं. दाढीवाले सर म्हणाले, पुरे, कळलं. भाऊ म्हणाले, "थांबा सायेब, अजून एकदा," आणि पुन्हा बटण दाबलं. सर थांबले. आम्ही सगळेच थांबलो. पोरीचं दार उघडत नव्हतं आणि बाप पुन्हा पुन्हा खात्री करून घेत होता.

शेवटी मांडववाला वायर मागायला आला तेव्हा कुठे मोटर बंद झाली.

सर अश्विनीशी बराच वेळ बोलले. काय बोलले ते ऐकायला मी गेले नाही, ते तिचं होतं. मी आणि भाऊ व्हरांड्यात वायर गुंडाळत होतो. त्यांनी भेंडोळं नीट बांधलं, गाठ मारली, ती पुन्हा एकदा ओढून पाहिली आणि माझ्याकडे न बघता विचारलं,

"म्याडम, इथं दोन महिने जेवनाची काय सोय असतं?"